ब्रेन घ्या नाहीतर एन्सेफॅलॉन, डब्यात मेंदू तोच : अप्पा बळवंत चौकातल्या प्लास्टिकच्या मेंदूचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मॉडेल चांगलंय, घ्या. त्याच्यासोबत येणारं नावांचं कार्ड मात्र डब्यातच राहू द्या, विद्यार्थ्यांच्या हातात पडू देऊ नका. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून दुकानात गेलं तरी चालेल.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींची ॲनाटॉमी-फिजिओलॉजीची शिकवणी घेते. मुली बहुतेक बाहेरगावच्या, करमाळा, जामखेड, परभणी, कुणी थेट गडचिरोलीची, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या आणि इथे आल्या आल्या पहिल्याच महिन्यात हातात इंग्रजी पुस्तक. हाडं, स्नायू, हृदय इथपर्यंत गाडी बरी चालते, मेंदूचा चॅप्टर आला की सगळ्यांचे चेहरे पडतात कारण सपाट चित्रातून मेंदू कळतच नाही, तो आतून कापला की काहीतरी वेगळंच दिसतं, खालून बघितला की तिसरंच. म्हणून ठरवलं की एक मॉडेल घेऊन टाकायचं. ऑनलाइन बघितलं पण फोटोत सगळेच मेंदू देखणे दिसतात, आणि असली वस्तू हातात घेऊन उघडून बघितल्याशिवाय घ्यायला माझं मन होत नाही.

दुकान पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि काका तसे भले आहेत. जिना अरुंद, वर गेलं की एका बाजूला टेस्ट ट्यूब, बीकर, शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान आणि दुसऱ्या बाजूला ओळीनं लटकलेले सांगाडे, त्यातल्या एकाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी. काका गादीवर बसून बिलं करत होते, मान वर न करता म्हणाले, "काय पाहिजे ताई?"

म्हटलं, मेंदूचं मॉडेल, आठ पार्टवालं.

"ब्रेन पाहिजे का एन्सेफॅलॉन?"

मला वाटलं माझी परीक्षा घेतायत. म्हटलं काका, दोन्ही एकच ना? तर ते चष्मा वर करून म्हणाले, "एकच कसं, एन्सेफॅलॉन पंधराशेनं महाग आहे. ब्रेन शाळेसाठी, एन्सेफॅलॉन कॉलेजसाठी." आणि पोराला हाक मारून दोन डबे काढायला लावले. एकावर ठळक अक्षरात ब्रेन, दुसऱ्यावर एन्सेफॅलॉन. दोन्ही उघडले. आत तोच साचा, तेच आठ तुकडे, त्याच घड्या. फरक एवढाच की महागड्यावर लाल रंगाच्या रक्तवाहिन्या चिकटवल्यात, खालून क्रेनियल नर्व्ह्जचे, म्हणजे थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांचे, पिवळे खुंट काढलेत आणि स्टँडला खाली पितळी रंगाची पट्टी आहे. डब्याच्या कडेला स्पॅनिश नावही छापलंय, तिकडे शाळेच्या पुस्तकात सुद्धा अख्ख्या मेंदूला 'एन्सेफालो' म्हणतात, त्यामुळे माझा अंदाज असा की माल एक्स्पोर्टचा आहे, तिकडच्या गिऱ्हाइकासाठी छापलेलं नाव इकडे येऊन वरच्या क्वालिटीचा शिक्का झालं. काकांचा यात दोष नाही, डब्यावर जे लिहिलंय ते विकतायत. पण तुम्ही गेलात तर लक्षात ठेवा, जास्तीचे पैसे रक्तवाहिन्यांचे आहेत, नावाचे नाहीत. नर्सिंग, फिजिओ, मेडिकलवाल्यांनी ते पैसे द्यावेत, दहावी-बारावीच्या क्लासवाल्यांनी साधा ब्रेनचा डबा घ्यावा, काही बिघडत नाही.

एन्सेफॅलॉन म्हणजे सरळ अख्खा मेंदू, कवटीच्या आत जेवढा मावतो तेवढा सगळा. मूळ ग्रीक, 'एन' म्हणजे आत आणि 'केफाले' म्हणजे डोकं, डोक्याच्या आतलं ते एन्सेफॅलॉन. मोठा मेंदू त्यात आला, लहान मेंदू आला, ब्रेन स्टेम म्हणजे मेंदूचा खालचा देठ आला. कवटीच्या तळाला जे मोठं भोक असतं, फोरामेन मॅग्नम, तिथे ही हद्द संपते आणि खाली मेरुरज्जू चालू होतो, तो एन्सेफॅलॉनमध्ये धरत नाहीत, दोन्ही मिळून सेंट्रल नर्व्हस सिस्टिम. बस, एवढंच आहे. वॉर्डात कुठलाही डॉक्टर "पेशंटचं एन्सेफॅलॉन बघू" असं म्हणत नाही, ब्रेनच म्हणतात. हा शब्द एकटा फिरतच नाही, तो सापडतो दुसऱ्या शब्दांच्या पोटात, आणि तिथे मात्र रोज सापडतो, त्याच्याबद्दल पुढे लिहिते कारण माझ्या मते मॉडेल घ्यायचं खरं कारण तेच आहे.

आधी वस्तूबद्दल. साइज खऱ्या माणसाच्या मेंदूएवढा. वजनाला हलका, खरा मेंदू १३०० ते १४०० ग्रॅम भरतो, हा त्याच्या निम्मासुद्धा नसेल. मटेरियल कडक पीव्हीसी, टेबलावरून पडला तर टवका उडेल पण फुटणार नाही असं वाटतं (पाडून बघितलेला नाही). डावी बाजू साधी फिकट रंगाची, उजव्या बाजूला लोब, म्हणजे मोठ्या मेंदूचे भाग, वेगवेगळ्या रंगांत रंगवलेत, फ्रंटल गुलाबी, पराएटल हिरवा, टेम्पोरल पिवळा, ऑक्सिपिटल जांभळा. रंग जरा गणपतीच्या दिवसांतल्या लायटिंगच्या वळणाचे आहेत पण मागच्या बाकावरून सुद्धा दिसतात, त्यामुळे तक्रार नाही. प्रत्येक बाजूचे चार तुकडे होतात, पुढचा वरचा भाग, खालचा मागचा भाग, अर्धा ब्रेन स्टेम आणि अर्धा लहान मेंदू. दोन अर्ध्या बाजू लोहचुंबकानं चिकटतात, बाकीचे तुकडे खुंटी आणि भोक पद्धतीनं. चुंबक मस्त आहेत, खटकन बसतात. खुंट्या भिकार. टेम्पोरलवाल्या तुकड्याची खुंटी सैल, मॉडेल उचललं की तो तुकडा हमखास खाली पडतो, मी शेवटी खुंटीभोवती सेलोटेपचा एक वेढा दिला तेव्हा बसला.

उघडल्यावर आतला मधला काप, हा या मॉडेलचा सगळ्यात भारी भाग आहे आणि यासाठी मी पैसे वसूल म्हणेन. दोन अर्ध्या भागांना जोडणारी कॉर्पस कॅलोसमची कमान स्वच्छ दिसते, तिच्या खाली थॅलॅमस, त्याच्या पुढे खाली हायपोथॅलॅमस आणि त्याला लोंबकळणारी इवलीशी पिट्यूटरी, मागे पिनियल, मग मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला ओळीनं, आणि लहान मेंदूच्या कापात ते झाडासारखं पांढरं जाळं. डायएन्सेफॅलॉन नावाचा जो प्रकार पुस्तकात चार ओळींत उरकलेला असतो तो बाहेरून बघून कधीच कळत नाही कारण तो मोठ्या मेंदूच्या पोटात दडलेला असतो, इथे दोन भाग वेगळे केले की मुलीच्या अंगठ्याखाली थॅलॅमस येतो, तिला परत विचारावं लागत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या व्हेंट्रिकलची पोकळी आणि दोघांना जोडणारी मिडब्रेनमधली बारीक नळी सुद्धा कोरलीय, निळ्या रंगात. या नळीत अडथळा आला की पाणी वर तुंबतं, लहान बाळाचं डोकं मोठं होत जातं, हायड्रोसेफॅलस. मेंदूभोवती आणि आत मिळून साधारण १५० मिली पाणी असतं आणि दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास नवीन तयार होतं, म्हणजे ते दिवसातून अनेकदा बदललं जातं, हे सांगून मग ती निळी रेघ दाखवली की तुंबल्यावर काय होईल ते मुली स्वतःच सांगतात.

खालची बाजू. रक्तवाहिन्यांचं वर्तुळ, सर्कल ऑफ विलिस, थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १६६४ मध्ये नीट मांडून दाखवलेलं. पुढून दोन कॅरोटिड, मागून दोन व्हर्टिब्रल येऊन त्यांची एक बेसिलर, सगळं बरोबर काढलंय. फक्त मॉडेलवर वर्तुळ अगदी सुबक पूर्ण आहे, खऱ्या माणसांमध्ये बऱ्याच जणांचं ते कुठेतरी अपुरं किंवा बारीक असतं, हे तोंडी सांगावं लागतं. बेसिलरवरचा लाल रंग महिनाभरात निघायला लागला, पॉन्सवर हात ठेवून उचलायची सवय सगळ्यांनाच असते त्यामुळे असेल.

आणि एक ठळक चूक. चौथी क्रेनियल नर्व्ह, ट्रॉक्लिअर. बारा जोड्यांमध्ये ही एकटीच अशी की ब्रेन स्टेमच्या मागच्या बाजूनं बाहेर पडते आणि वळसा घालून पुढे येते, सगळ्यात बारीकही तीच. मॉडेलवाल्यांनी तिला बाकीच्यांच्या रांगेत पुढूनच काढलीय. बनवणाऱ्याला वाटलं असेल एवढा बारीक खुंट कोण बघतंय. ज्या पेशंटला ही नर्व्ह लागलेली असते त्याला जिना उतरताना एकाचे दोन दिसतात आणि तो मान एका बाजूला कलती धरून बसतो, ही एवढी छान खूण शिकवायची संधी मॉडेलनं घालवली. मी मागच्या बाजूला मार्करनं दोन रेघा काढून घेतल्यात.

मऊपणाचं काय करणार, प्लास्टिकला इलाज नाही. मुलींना वाटतं मेंदू टणक असतो. ताजा मेंदू हा नीट न लागलेल्या दह्याइतका लेचापेचा असतो, फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यावर मगच घट्ट होतो, म्हणून तर तीन आवरणं आणि पाण्याची गादी. मॉडेलला आवरणं अजिबात नाहीत, हीसुद्धा कमीच म्हणायची. मी किचनमधला क्लिंग रॅप आणून घड्यांमध्ये दाबून बसवला, हे सगळ्यात आतलं आवरण, पाया मेटर, आणि वरून जाड कॅरीबॅग, हे सगळ्यात बाहेरचं, ड्युरा मेटर. जुगाड आहे पण चाललं, आणि ते का करावं लागलं तेही सांगते.

आपल्याकडे मेंदूज्वर हा एकच शब्द दोन आजारांना वापरतात. आवरणांना सूज आली तर मेनिन्जायटिस, खुद्द मेंदूच्या पेशींना सूज आली तर एन्सेफलायटिस. घरी दोन्हीला मेंदूज्वरच म्हणतात, मेंदूत ताप गेला म्हणतात. नातेवाईकांशी बोलताना ठीक आहे, पण केसपेपर वाचताना नर्सला कळायला पाहिजे की कुठल्यात मान ताठ होणं जास्त ठळक असतं आणि कुठल्यात पेशंट बरळतो, ओळखत नाही, झटके येतात. अर्थात दोन्ही एकत्रही होतात, तेव्हा मेनिंगोएन्सेफलायटिस असं लांबलचक लिहिलेलं येतं आणि नवीन मुलगी ते वाचून घाबरते. प्लास्टिक गुंडाळलेला मेंदू समोर ठेवला, कॅरीबॅगवर बोट ठेवलं की मेनिन्जायटिस, बॅग काढून घडीवर बोट ठेवलं की एन्सेफलायटिस. माझी गडचिरोलीची मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमच्याकडे डासामुळे होतो तो आतला." बरोबर, जपानी एन्सेफलायटिस आतलाच.

पुण्यात बसून हे शिकवताना एक गोष्ट मी हमखास सांगते की आपल्या कॅम्पच्या बाजूला जी एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली, तिथल्याच लोकांनी १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या पेशंटच्या रक्तातून एक नवीन विषाणू शोधला आणि त्याला गावाचंच नाव दिलं. तेव्हा तो साधा तापाचा वाटला, आणि २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात लहान मुलांमध्ये एन्सेफलायटिसची मोठी साथ आली तेव्हा परत याचंच नाव पुढे आलं. सँडफ्लाय नावाची बारीक माशी चावून पसरतो. विदर्भातल्या मुलींना हे ऐकून एकदम आपलं वाटतं, वहीत लिहून घेतात.

उलट २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसची साथ आली तेव्हा सोसायट्यांच्या ग्रुपवर "मेंदूचा आजार पसरलाय" असले मेसेज धडाधड फिरत होते. गिलेन बारे सिंड्रोममध्ये मार खातात त्या मेंदू आणि मेरुरज्जूच्या बाहेरच्या नसा, एन्सेफॅलॉन जागच्या जागी शाबूत असतो, म्हणून तर पाय लुळे पडलेला, व्हेंटिलेटरवर गेलेला पेशंट सुद्धा पूर्ण शुद्धीवर असू शकतो आणि आजूबाजूला काय बोललं जातंय ते ऐकत असतो. त्याच्या उशाशी उभं राहून काहीबाही बोलू नका, हे मी मॉडेल हातात धरून सांगितलं, हा सगळा भाग नीट आहे, बिघाड याच्या बाहेर आहे. या एका वाक्यासाठी मॉडेल कामाला आलं असं मला वाटतं.

तसंच एन्सेफॅलोपॅथी. 'आयटिस' लागलं की सूज, 'पॅथी' लागलं की नुसता बिघाड, कारण काहीही असो. लिव्हर खराब झाल्यावर अमोनिया साठून मेंदू गुंगतो ती हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी, पेशंटला हात पुढे ताठ धरायला सांगितलं की पंजे फडफडतात, लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं औषध चालू असतं आणि दिवसाला शौचाला किती वेळा झालं हे नर्सनं मोजायचं असतं, मुलींना वाटतं हे कसलं काम, पण त्या शौचावाटेच अमोनिया बाहेर जायचा असतो. दारूच्या पेशंटची वेर्निके एन्सेफॅलोपॅथी, तिथे आधी थायमिन (व्हिटॅमिन बी-१) मग ग्लुकोज. जन्मल्यावर लवकर न रडलेल्या बाळाच्या फाइलवर एचआयई, त्यातला शेवटचा 'ई' हाच, हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफॅलोपॅथी. आणि ईईजी. ईसीजी आणि ईईजी यांच्यात पहिल्या वर्षाची मुलगी गोंधळली नाही असं कधी झालेलं नाही. मधल्या अक्षरावर बोट ठेवा, सी असेल तर कार्डिओ म्हणजे हृदय, ई असेल तर एन्सेफॅलो म्हणजे मेंदू. जर्मनीतल्या हान्स बर्गरनं १९२९ मध्ये माणसाच्या मेंदूचा हा आलेख पहिल्यांदा छापला, नावही त्याचंच.

अजून एक, ॲनेनसेफली. शब्दशः मेंदू नसणं, प्रत्यक्षात अशा बाळाला ब्रेन स्टेमचा थोडाफार भाग बऱ्याचदा असतो, वरचा मोठा मेंदू आणि कवटीचा वरचा भाग तयार झालेला नसतो. गर्भात ज्या नळीपासून मेंदू आणि मेरुरज्जू बनतात ती साधारण २८ व्या दिवसापर्यंत बंद व्हायला हवी, म्हणजे बाईला आपण गरोदर आहोत हे कळायच्या आतच बऱ्याचदा तो वेळ निघून जातो, म्हणून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या आधीपासून चालू करायची. आमच्या मुली उद्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, हेच सांगणार आहेत.

आता कार्ड. जाड पुठ्ठ्याचं, लॅमिनेट केलेलं, नंबर आणि नावं छापलेली. वर हेडिंग एन्सेफॅलॉन, ठीक. खाली पहिला बाण एन्सेफॅलॉन असा, तो थेट मोठ्या मेंदूच्या घडीवर नेऊन टेकवलाय आणि लहान मेंदू, ब्रेन स्टेम यांचे वेगळे रकाने, जणू हे त्यात मोडतच नाहीत. म्हणजे कार्ड छापणाऱ्यानं एन्सेफॅलॉन आणि सेरेब्रम (मोठा मेंदू) एकच धरलेत. लॅटिन सेरेब्रम पण बोलताना सगळ्या मेंदूला वापरतात त्यामुळे घोळ समजण्यासारखा आहे, पण परीक्षेत "एन्सेफॅलॉनचे भाग लिहा" आलं तर मुलगी नुसते लोब लिहून येईल आणि मार्क जातील.

याहून वाईट पुढे. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात मेंदूचे तीन फुगवटे असतात, पुढचा, मधला, मागचा, आणि पाचव्यात त्यांचे पाच होतात, टेलएन्सेफॅलॉन, डायएन्सेफॅलॉन, मेसएन्सेफॅलॉन, मेटएन्सेफॅलॉन, मायलएन्सेफॅलॉन. मधला म्हणजे मेस हा तसाच राहतो, तोच मिडब्रेन. मेट म्हणजे पॉन्स आणि लहान मेंदू. मायल म्हणजे मेड्युला. कार्डावर पॉन्सला मेस आणि मिडब्रेनला मेट लिहिलंय, सरळ अदलाबदल. एका अक्षराचा फरक, प्रूफ बघणाऱ्याच्या डोक्यावरून गेलं असणार, पण ही पाच नावं आधीच मुलींच्या डोक्याचं भुस्काट करतात त्यात हे. मी कार्डाचा नाद सोडला आणि ए-फोरच्या कागदावर हातानं नवीन यादी लिहिली, नंबर मॉडेलवरचे, नावं इंग्रजी उच्चाराची आणि शेजारी शाळेतली मराठी, प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ, कारण दहावीपर्यंत हेच पाठ केलेलं असतं आणि इथे आल्यावर कुणी सांगतच नाही की तुम्हाला हे आधीच येतंय. शेजारी पीजी राहणारी आयुर्वेदाची मुलगी म्हणाली आमच्या ग्रंथात मस्तुलुंग आहे, तेही कोपऱ्यात लिहून ठेवलं. आमचे एक जुने सर एन्केफॅलॉन, एन्केफलायटिस असा क लावून म्हणायचे, काही ब्रिटिश डॉक्टर तसंच म्हणतात आणि ग्रीकमध्ये क च आहे, त्यामुळे लेक्चरला असा उच्चार ऐकला तर हसू नका. शरीर स्वतः जे वेदनाशामक बनवतं त्या एन्केफॅलिनच्या नावात तो क अजून टिकलाय, १९७५ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं होतं ते.

दुकानाची सर्व्हिस. कार्डाची तक्रार घेऊन गेले तर काकांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, इतकी वर्षं विकतोय, वाचून तक्रार करणाऱ्या तुम्हीच." हे कौतुक होतं का टोमणा ते अजून ठरलेलं नाही. कार्ड बदलून देणार नाही म्हणाले कारण सगळ्या डब्यांत तेच आहे, हे मान्य. पण सैल खुंटीचा तुकडा बदलून द्यायलाही नकार, "विकलेला माल परत नाही" ही पाटी बोटानं दाखवली, हे मात्र पटलं नाही, शंभरदोनशेचा पार्ट असेल, नेहमीच्या गिऱ्हाइकाशी असं वागू नये. शेवटी भरपाई म्हणून मराठी नावांचा मेंदूचा एक भिंतीवरचा तक्ता फुकट दिला, तो छपाईला फिका असला तरी नावं अचूक आहेत, चुकीच्या कार्डापेक्षा शंभर पटीनं बरा. वेगळा मिळतो, मागून घ्या.

बिल जीएसटीसकट पक्कं देतात, क्लास किंवा कॉलेजच्या नावावर पाहिजे तर आधी सांगायचं, नंतर बदलून देत नाहीत. एन्सेफॅलॉनचा डबा मला चार हजारांच्या आतबाहेर पडला, घासाघीस केली तर काका दोनशे सोडतात त्याच्या पुढे हलत नाहीत. गाडी घेऊन जाऊ नका, त्या गल्लीत स्कूटर लावायला सुद्धा जागा नसते, मेट्रोनं मंडईला उतरून चालत गेलेलं बरं. येताना डबा पिशवीत टाकूनच आणा, नाहीतर सगळा रस्ता लोक विचारतात यात काय आहे, आणि मेंदू आहे म्हटलं की पुढचा विनोद काय येणार ते तुम्हाला माहितीये.

घ्यायच्या आधी काउंटरवरच चार गोष्टी बघून घ्या, दोन्ही चुंबक बसतात का, टेम्पोरलची खुंटी हलते का, पिट्यूटरी जागेवर आहे का (एका डब्यात ती तुटून तळाला पडलेली होती), आणि बेसिलरचा रंग नखानं निघतोय का. साध्या ब्रेनच्या डब्यात रक्तवाहिन्याच नाहीत त्यामुळे शेवटची तपासणी तिथे लागत नाही. मॉडेलला पाचपैकी चार, कार्डाला शून्य, दुकानाला तीन.